वाळकेश्वर : श्रीमंतांच्या टेकडीवरील देवाची जागा

मोठ्या शहरांतील प्रतिष्ठित वस्त्यांचा इतिहास बहुधा बंगल्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता गव्हर्नर कोठे राहिला, कोणत्या व्यापाऱ्याने कोणती हवेली बांधली, पुढे ती कोणाच्या हाती गेली आणि तिच्या जागी किती मजली इमारत उभी राहिली, एवढे सांगितले की वस्तीचे चरित्र पुरे झाले असे मानण्याचा प्रघात आहे. मुंबईच्या मलबार टेकडीविषयीही असेच पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ह्या टेकडीवर पहिला बंगला उठण्यापूर्वी कित्येक शतके तेथे एक देव होता, एक गोड्या पाण्याचे तळे होते, आणि त्या देवाच्या दर्शनास दूरदूरची माणसे येत होती. बंगले आले, बंगल्यांचे मनोरे झाले. देव आणि तळे मात्र जागच्या जागी राहिले. हे कसे घडले, आणि पुढेही तसेच राहील की नाही, ह्याचा विचार आपणां देवस्थानांशी निगडित असलेल्या लोकांनी करण्याजोगा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मलबार टेकडी म्हणजे मुंबई बेटाच्या पश्चिम अंगाने समुद्रात शिरलेली एक खडकाळ सोंड होय. तिच्या पूर्वेस गिरगावची चौपाटी, पश्चिमेस अरबी समुद्र, आणि दक्षिणेच्या टोकास राज्यपालांचे निवासस्थान. मुख्यमंत्र्यांचा ‘वर्षा’ बंगला, मंत्र्यांची निवासस्थाने आणि उद्योगपतींची घरे ह्याच टेकडीवर आहेत. २०२३ साली येथील एका नव्या इमारतीतील तीन मजली सदनिकेचा व्यवहार ३६९ कोटी रुपयांना झाल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. एका कुटुंबाच्या राहत्या जागेची ही किंमत! आणि तेथून थोड्याच अंतरावर, उतारावरच्या अरुंद बोळातून पायऱ्या उतरून गेले की बाणगंगेचे तळे लागते. त्याच्या काठी कोणी स्नान करीत असतो, कोणी पितरांना तर्पण देत असतो, कोणी नुसताच बसलेला असतो. आणि ह्यांपैकी कोणासही कोणी भाडे विचारीत नाही.

वाळकेश्वर हे नाव ‘वालुकेश्वर’ ह्या शब्दावरून आले, हे बहुतेकांस ठाऊक असेल. सीतेच्या शोधात दक्षिणेकडे निघालेले प्रभू रामचंद्र येथे थांबले. नित्याच्या पूजेसाठी लिंग वेळेवर मिळेना, तेव्हा त्यांनी वाळूचेच लिंग करून पूजा केली, आणि तहान लागली तेव्हा बाण मारून पाताळातील पाणी वर आणले, अशी कथा आहे. कथेची ऐतिहासिकता तपासण्याचे हे स्थळ नव्हे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्या तळ्यातील झऱ्याचे पाणी गोड आहे, एवढी गोष्ट मात्र कोणीही पाहू शकतो. आणि कथा जन्मास येण्यास तेवढे आश्चर्य पुरेसे आहे. हे तळे व मूळ देऊळ शिलाहारांच्या राज्यात, इसवी सन ११२७ च्या सुमारास, लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने बांधविले, असे परंपरा सांगते.

१५३४ साली मुंबई बेट पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्यांच्या अमदानीत येथले जुने देऊळ उद्ध्वस्त झाले. गोव्याच्या वाचकांना ह्या एका वाक्याचा अर्थ विस्ताराने सांगण्याची गरज नाही. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली नदीपार प्रियोळास गेला. केळशीची शांतादुर्गा त्याच सुमारास कवळ्यास गेली. कितीएक कुलदेवता रातोरात अंत्रुज महालात नेण्यात आल्या. वाळकेश्वराला असे स्थलांतर करता आले नाही, किंवा कोणी केले नाही. १६७० नंतरच्या दशकात मुंबईस आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर ह्याने ह्या टेकडीचे वर्णन लिहून ठेवले आहे. माथ्यावर पारश्यांनी नुकतीच बांधलेली दख्मा, समुद्राकडील उतारावर एका प्रचंड देवळाचे अवशेष, आणि त्याजवळ गोड्या पाण्याचे तळे, असे ते चित्र आहे. मलबारी लोक प्रामुख्याने त्या स्थळासाठी येथे येत असत, असेही तो सांगतो. टेकडीला ‘मलबार’ हे नाव पडले ते ह्या यात्रेकरूंवरून की त्या किनाऱ्याच्या चाच्यांवरून, ह्याविषयी दोन मते आहेत. परंतु फ्रायरची साक्ष महत्त्वाची आहे. देऊळ पडून गेले होते, तरी यात्रा थांबली नव्हती. मालक बदलले, छत्र गेले, भिंती गेल्या. वाट मात्र लोकांनी चालती ठेविली. आम्हां वकिलांच्या भाषेत जिला वहिवाट म्हणतात, ती हीच.

मध्यंतरी मुंबईची सत्ताही बदलली होती. १६६१ च्या विवाहाच्या तहाने हे बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याला मिळाले, आणि १६६८ साली त्याने ते वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. ज्या बेटावरील एका सदनिकेला आज शेकडो कोटी पडतात, ते अख्खे बेट एकेकाळी १० पौंडांवर गेले, ह्याचा उल्लेख गमतीने नेहमी केला जातो. पण त्यातील खरा मुद्दा निराळा आहे. कंपनीला बेटावर माणसे हवी होती. व्यापारी, कारागीर, लढवय्ये येऊन स्थायिक झाल्याशिवाय त्या दलदलीचे बंदर होणे शक्य नव्हते, आणि धर्माला हात लावला तर ही माणसे येणार नव्हती. म्हणून जेरल्ड ऑंजियर ह्या गव्हर्नराने धर्मस्वातंत्र्याचे धोरण स्वीकारले. पारश्यांना टेकडीवर दख्म्यासाठी जागा मिळाली ती ह्याच काळात. पोर्तुगीज मुलखातून आणि कोकणातून जी हिंदू कुटुंबे मुंबईस आली, त्यांत शेणवी म्हणजे गौड सारस्वत कुटुंबेही होती.

त्यांच्यापैकीच एकाने वाळकेश्वराचा जीर्णोद्धार केला. त्याचे नाव रामा कामत. इंग्रजी दप्तरांत त्याचा उल्लेख ‘रामा कामाती’ असा येतो. कंपनीच्या पदरच्या देशी शिपायांवर त्याचा अधिकार होता, व्यापारात त्याचा हात मोठा होता, आणि त्या काळच्या मुंबईतील हिंदूंमध्ये त्याच्याइतका वजनदार गृहस्थ क्वचितच दुसरा असेल. १७१५ साली त्याने वाळकेश्वराचे देऊळ नव्याने बांधविले. ह्या सालाकडे लक्ष द्यावे. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ शाहूमहाराजांचे मंत्री नारोराम ह्यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. म्हणजे अंत्रुजातील देवळांना त्यांचे आजचे वैभव लाभण्याच्या वीसबावीस वर्षे आधी, एका शेणव्याने परक्या सत्तेच्या बेटावर, पोर्तुगीजांनी पाडलेले देऊळ पुन्हा उभे केले होते. मराठी राज्याचे छत्र त्याच्या डोक्यावर नव्हते. जे केले ते त्याने स्वतःच्या पैक्याने आणि स्वतःच्या वजनावर केले.

त्याच्या वृत्तीची एक खूण इंग्रजी लेखांतही सापडते. १७१८ च्या नाताळच्या दिवशी कोटातील सेंट थॉमस चर्च उघडले, तेव्हा रामा कामत आपल्या ज्ञातिबांधवांसह तेथे उपस्थित होता, आणि ती उपासना त्याने आदराने पाहिली, असे त्या चर्चच्या पाद्र्यानेच नमूद केले आहे. आपला देव पुन्हा स्थापन करणारा हा गृहस्थ दुसऱ्याच्या देवाचाही मान राखणारा होता.

पुढे जे घडले ते मात्र दुःखद आहे. चार्ल्स बून हा १७१५ पासून १७२२ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. कान्होजी आंग्रे ह्यांच्याशी त्याचे वैर होते. १७१८ साली खांदेरीवर त्याने मोठ्या तयारीने मोहीम काढली आणि ती फसली. पराभवाला कारण हवे असते. फितुरी हे कारण नेहमीच सोयीचे असते. १७२० साली रामा कामतावर कान्होजीशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुराव्यादाखल एक पत्र पुढे आले. एका साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून त्याच्याकडून जबानी वदवून घेण्यात आली. अशा पुराव्यावर रामा कामत दोषी ठरला, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्याला जन्मठेप झाली. १७२८ साली तो कैदेतच वारला. ते पत्र बनावट होते, हे नंतर उघड झाले, आणि इंग्रज इतिहासकारांनीही ते मान्य केले. पण तोवर न्याय मागणारा जगात उरला नव्हता.

वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला हा खटला वाचताना दोन गोष्टी टोचतात. पहिली, यातना देऊन घेतलेली कबुली पुरावा म्हणून पुढे आणली जाते, ह्याची. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने असल्या कबुलीचा मार्ग बंद केला, आणि त्या तरतुदीमागे अशा किती रामा कामतांचे हाल आहेत हे कायदा वाचताना आपण विसरतो. दुसरी गोष्ट ह्या लेखाच्या विषयाशी अधिक जवळची आहे. रामा कामताने जे जे स्वतःसाठी मिळविले होते, ते एका निकालाने गेले. गोदामे, घरे, रोकड, मानमरातब, काहीही राहिले नाही. आज मुंबईत त्याची म्हणून दाखविता येईल अशी गोष्ट शोधू लागलो तर एकच सापडते, आणि ती त्याने स्वतःच्या नावावर ठेवलेली नव्हती. जे त्याने देवाला दिले ते तीनशेहून अधिक वर्षे टिकून आहे.

ह्याला पुण्याचे फळ म्हणावे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण त्यात एक कायद्याचे तत्त्वही आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे.

अठराव्या शतकात मलबार टेकडी हे रानच होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने टेकडीच्या टोकाशी बंगला बांधला, आणि हवेशीर जागेची इंग्रजांना गोडी लागली. १८६२ नंतर कोटाचा तट पाडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढून मुंबईत पैशाचा पूर आला. आणि कोटातील कोंदट घरे सोडून युरोपियन व पारशी धनिक टेकडीवर बंगले बांधू लागले. परळचे सरकारी निवासस्थान रोगट ठरले, तेथे गव्हर्नर फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी पटकीने दगावल्या, आणि १८८५ च्या सुमारास गव्हर्नराचा मुक्काम कायमचा मलबार टोकावर आला. सत्ता जेथे राहते तेथे प्रतिष्ठा जाते, आणि प्रतिष्ठेच्या मागोमाग जमिनीचा भाव जातो. टेकडीवर पाण्याचा मोठा साठा झाला, त्यावर बाग झाली, रस्ते झाले. १९३६ साली बॅरिस्टर जीनांनी येथेच आपला बंगला बांधला आणि १९४४ च्या सप्टेंबरात महात्माजी व जीना ह्यांची बोलणी त्याच घरात झाली. देशाच्या भवितव्याचा एक धागा ह्या टेकडीवर तुटला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर बंगल्यांचे युग सरले. संस्थानिकांची आणि कंपन्यांची मोठमोठी आवारे विकली जाऊ लागली. १९६० नंतर टेकडीवर आणि शेजारच्या कंबाला टेकडीवर उंच इमारती उठल्या. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकीच्या सदनिकांचा कायदा ह्यांनी त्या इमारतींना कायद्याचा पाया दिला. जमिनीऐवजी हवेतील चौरस फूट विकता येऊ लागले. ह्या व्यवस्थेत एकदा उडी घेतली की प्रत्येक मोकळी जागा ही न बांधलेली इमारत दिसू लागते. तळे म्हणजे चौरस फूट, धर्मशाळा म्हणजे चौरस फूट, देवळाचे अंगण म्हणजेही चौरस फूट. टेकडीवरील भावाने हिशेब केला तर बाणगंगेच्या परिसराची किंमत किती होईल, हे सांगण्यास कोणी तज्ज्ञ नको.

मग ती जागा अद्याप बाजारात का आली नाही? भक्तांची श्रद्धा हे एक उत्तर आहे आणि ते खरे आहे. पण श्रद्धा पुष्कळ ठिकाणी होती आणि तेथल्या जागा तरीही गेल्या. दुसरे उत्तर असे की, आपल्या न्यायालयांनी देवाच्या मालकीविषयी एक स्पष्ट भूमिका घेतली. डाकोरच्या रणछोडरायाच्या देवळाचा खटला १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. देवाला आलेले उत्पन्न आपलेच आहे, असे तेथील सेवकांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की, देवाला अर्पण केलेली मालमत्ता सेवकांची खाजगी मिळकत होत नाही. ते तिचे विश्वस्त आहेत आणि हिशेब देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. बडोद्याकडील वाचकांना ह्या निकालाचे स्थळ परिचयाचेच आहे. पुढे १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात असा निर्वाळा दिला की, घरचा देव ही देखील घरातल्या सामानासारखी उचलून नेण्याची वस्तू नव्हे. त्याला कायद्याने व्यक्तित्व आहे आणि त्याची बाजू ऐकली गेली पाहिजे. ज्या समाजाच्या पूर्वजांना आपले देव रात्री डोक्यावर घेऊन नदी ओलांडावी लागली, त्या समाजाने हे वाक्य विशेष ध्यानात ठेवावे. जुलमापायी देव हलविणे निराळे. सोयीपायी हलविणे निराळे.

ह्या तत्त्वांना पुढे लेखी कायद्याचे बळ मिळाले. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा केला. त्याच्या ३६ व्या कलमान्वये देवस्थानाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. विश्वस्त कितीही सज्जन असोत, व्यवहार कितीही फायद्याचा दिसो, परवानगी लागतेच. बाणगंगेचे तळे गौड सारस्वत ब्राह्मण देवस्थान न्यासाच्या व्यवस्थेत आहे. त्याशिवाय १९९५ साली मुंबईसाठी वारसा वास्तूंचे नियम झाले आणि ह्या परिसराला त्यात पहिल्या श्रेणीचे स्थान मिळाले. तळ्याच्या काठीच कवळे मठाची शाखा आहे, स्वामींच्या समाध्या आहेत; काशीमठाच्या परंपरेतील एका स्वामींची समाधीही वाळकेश्वरीच आहे. जवळच स्मशान आहे. ह्या सगळ्यांनी मिळून टेकडीच्या पायथ्याशी एक असे क्षेत्र राखले आहे की, जेथे माणसाचा हक्क त्याच्या खिशावरून ठरत नाही.

तथापि कायद्याची बाजू सांगताना त्याची दुसरी अंगेही सांगितली पाहिजेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. त्यामुळे ह्या महागड्या शहरात चाळीतला पुजारी, धोबी, कारकून आपल्या जागी टिकून राहिला. भाडेनियंत्रण नसते तर तो केव्हाच शहराबाहेर फेकला गेला असता. पण त्याच कायद्यामुळे घरमालकाला, आणि घरमालक देवस्थान असेल तर देवस्थानालाही, डागडुजीपुरते उत्पन्न उरेना. गोठविलेली भाडी वाजवी राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर आलेला भाडेनियंत्रणाचा नवा कायदा २००० सालच्या मार्चअखेर अंमलात आला, पण मूळ पेच सुटला नाही. जुने घर मोडकळीस आले की पुनर्बांधणीची योजना येते. योजना आली की विकासक येतो. आणि विकासकाच्या आराखड्यात पुजाऱ्यालाही घर असते, पण त्याच्या डोक्यावर आणखी तीस मजले असतात. भाडेकरूला चांगले घर हवे, हे अयोग्य कोण म्हणेल? देवस्थानाला दुरुस्तीला पैसा हवा, हेही अयोग्य नव्हे. मात्र दोन्ही योग्य गोष्टींच्या आडून तळ्याभोवतीचे आकाश कोणी विकत घेत असेल, तर विश्वस्तांनी हिशेबाच्या वहीत न दिसणारा तोटाही मांडला पाहिजे.

हा तोटा केवळ कल्पनेतला नाही. २०२० च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत मलबार टेकडीचा एक कडा खचला आणि खालचा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. डोंगर कोरून बांधकाम करण्यास मर्यादा असते हे त्या पावसाने शिकविले. २०२४ च्या जूनमध्ये बाणगंगेतील गाळ काढण्यासाठी तळ्यात यंत्र उतरविण्यात आले आणि त्याच्या भाराने पुरातन पायऱ्यांचे नुकसान झाले. विशेष हे की, ते काम जीर्णोद्धारासाठीच हाती घेतलेले होते. शत्रूने पाडलेले देऊळ रामा कामताने उभे केले. मित्राने मोडलेल्या पायऱ्या कोण राखणार? जतन करण्याची इच्छा पुरेशी नाही. कोणत्या दगडावर किती भार पडावा ह्याचे ज्ञान आणि कामावर उभे राहणारे कोणीतरी आपले माणूस, दोन्ही हवीत.

येथे आपल्याही घरात डोकावले पाहिजे. बंगल्यांच्या फाटकांवर पहारेकरी आहेत, अशी तक्रार करणे सोपे आहे. मलबार टोकावरील श्रीगुंडीचे प्राचीन स्थान आज राज्यपालांच्या आवारात आहे आणि तेथे जायचे तर पहारा ओलांडावा लागतो. काही सहकारी गृहसंस्था आपल्याच समाजाला सदस्यत्व देतात, आणि समाजापुरते सदस्यत्व ठेवणाऱ्या अहमदाबादच्या एका गृहसंस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. पण आपल्या देवळांचे दरवाजे तरी सर्वांना केव्हा उघडले? मुंबई राज्यात त्यासाठी १९४७ साली आणि पुन्हा १९५६ साली कायदे करावे लागले. देव सर्वांचा आहे, हे आपण पुराणात ऐकत होतो. ते व्यवहारात आणण्यास विधिमंडळ लागले. म्हणून देवाची जागा बाजारापासून राखण्याचा आपला हक्क तेव्हाच निर्विवाद ठरेल, जेव्हा ती जागा आपण खरोखर सर्वांसाठी राखू. काही कुटुंबांच्या मानापानासाठी राखलेली जागा आणि काही कुटुंबांच्या निवासासाठी विकलेली जागा ह्यांत भक्ताच्या दृष्टीने अंतर थोडेच आहे.

वाळकेश्वराची ही हकीकत केवळ मुंबईकरांसाठी नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद ह्या शहरांत आपल्या पूर्वजांनी देवळे बांधली तेव्हा ती वाड्यांच्या शेजारी, पेठांच्या मध्यभागी बांधली. शहर वाढले आणि त्या जागा सोन्याच्या झाल्या. त्यांचा कायदा प्रांतोप्रांती वेगळा आहे. गोव्यात १९३३ चे देवस्थान विनियमन आणि त्यातील महाजनांची व्यवस्था आहे. मध्य प्रदेशात १९५१ चा सार्वजनिक न्यासांचा कायदा आहे. कर्नाटकात १९९७ चा, तेलंगणात १९८७ चा. कायद्यांची नावे वेगळी असली तरी न्यायालयात प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो : कागद कोठे आहे? आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर देताना विश्वस्तांची जीभ अडखळते. सनद कोणाच्या तरी आजोबांच्या पेटीत असते, नगरभूमापनाच्या पत्रिकेत देवाऐवजी एखाद्या मृत वहिवाटदाराचे नाव असते, भाडेपट्टा संपून वीस वर्षे झालेली असतात, आणि नोंदवहीत मिळकतीच्या चतुःसीमाच लिहिलेल्या नसतात. देवळाची जागा कोर्टात जाते ती बहुधा अशा निष्काळजीपणामुळे. दुष्टाव्याने जाणाऱ्या जागा त्या मानाने कमी.

तेव्हा प्रत्येक देवस्थानाच्या समितीने येत्या वर्षात निदान चार गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. मिळकतीचे सर्व मूळ कागद एकत्र करून त्यांच्या प्रमाणित नकला दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. सरकारी दप्तरातील नोंद देवाच्या किंवा न्यासाच्या नावावर आहे की नाही हे तपासून, नसल्यास दुरुस्तीचा अर्ज करावा. चालू भाडेपट्ट्यांच्या मुदतींची यादी वार्षिक सभेपुढे मांडावी. आणि विक्री, दीर्घ भाडेपट्टा किंवा पुनर्बांधणी ह्यांपैकी कोणताही प्रस्ताव आला, तर तो बंद दाराआड न ठरविता भक्तांच्या सभेत वाचून दाखवावा. ह्या कामाला मोठा निधी लागत नाही. थोडा वेळ आणि थोडा नेट लागतो.

रामा कामताला खोट्या कागदाने बुडविले. त्याने स्थापन केलेल्या देवाला खऱ्या कागदांनी राखणे आपल्या हाती आहे.